जजबाईंची माघार

१

मंगळवारी सकाळी साडेआठला क्षितिजा पाळणाघराच्या पायरीवर बसून लेकीच्या, शमिकाच्या सँडलचा पट्टा सोडवत होती. तेवढ्यात वरच्या जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "अरे, जजबाईंनी माघार घेतली!"

पट्टा तसाच राहिला. एका पायात सँडल, एक पाय अनवाणी, अशा शमिकाला कडेवर घेऊन क्षितिजा जिना चढली.

कोलार रोडवरच्या मराठी मैत्रबंध मंडळाची इमारत दोन मजली. खाली सभागृह, त्याचं स्वयंपाकघर आणि पाळणाघर, वर ऑफिस. ऑफिसच्या दाराशी निवडणूक अधिकारी मनोहर सप्रे कागद चिकटवत होते. सप्रे म्हणजे सचिवालयातून निवृत्त झालेले, पट्टी लावून रेघ मारणारे गृहस्थ. कागदावर लिहिलं होतं: 'अध्यक्षपदासाठी उरलेले उमेदवार : श्री. भालचंद्र खानझोडे.' खाली दुसरं नाव नव्हतं.

"काका, हे काय?"

"काल माघारीचा शेवटचा दिवस होता. पाचला पेटी उघडली, तर मॅडमचं पत्र निघालं," सप्रे म्हणाले. "ही कच्ची यादी. पक्की आज संध्याकाळी पाचला लागेल. मग खानझोडे बिनविरोध."

खानझोडे बिनविरोध याचा अर्थ क्षितिजाला पाठ होता. तळमजला रिकामा करून तिथे लग्नांना भाड्याने द्यायचं मॅरेज गार्डन काढायचं, हा ठराव त्यांच्या खिशात तयार होता. पाळणाघर बंद. नवरा प्रतीक सिंगरौलीच्या साइटवर, सासू-सासरे अमरावतीला, आणि तिची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात. मशीनवरून उतरलेला एकेक भाग तपासून पास-नापास करायची. शमिकाला कुठे ठेवायचं? म्हणजे नोकरीच सोडायची. खाली अशी बावीस मुलं होती आणि बावीस आयांचा हाच हिशेब होता.

"पत्र बघू द्या."

सप्रेंनी फाइल उघडली, पण हातात दिली नाही. क्षितिजाने मोबाइलवर फोटो काढून घेतला. साधा टाइप केलेला कागद:

'॥ श्री ॥ श्रावण वद्य नवमी, सोमवार. मा. निवडणूक अधिकारी यांस, प्रकृतीच्या कारणास्तव मी अध्यक्षपदाची उमेदवारी स्वखुशीने मागे घेत आहे.' आणि खाली ती लांब शेपटीची, अख्ख्या भोपाळला ठाऊक असलेली सही. लीलावती देशकर.

"खोटं आहे हे," क्षितिजा म्हणाली.

"असेल. पाचच्या आत सिद्ध करा." सप्रेंनी फाइल मिटली. "बघा बेटा, मॅडमच्या एका ओळीने माणसाचं आयुष्य बदलतं. मी पाहिलंय. तेव्हा त्यांची सही काही मी हलक्यात घेणार नाही."

भिंतीवर साडीच्या दुकानाचं हिंदी कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होतं. त्याच्या वरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते.

२

लीलावती देशकर एकतीस वर्षं न्यायाधीश होत्या. मुलताईला लागल्या, मग हरदा, सीहोर, बैतूल, आणि शेवटी भोपाळच्या जिल्हा न्यायालयातून अपर सत्र न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या कोर्टात पुकारा झाला की वकील पान थुंकून यायचे. पण जो दरारा कोर्टात चालला, तो निवडणुकीत काही चालेना.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा उभ्या राहिल्या. लोक विचारायचे, "ताई, पार्किंगचं काय करणार?" त्या म्हणायच्या, "कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही." त्रेसष्ट मतांनी पडल्या. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या, आणि प्रचाराच्या शेवटच्या सभेत, दोन्ही बाजू ऐकायच्या सवयीने, खानझोड्यांनी बांधलेल्या पाण्याच्या टाकीची पाच मिनिटं तारीफ केली. चार मतांनी पडल्या. यंदा पाळणाघराच्या आयांनी त्यांचा प्रचार हातात घेतला होता. भाषण दोन मिनिटांचं, टाकीचं नाव काढायचं नाही, आणि घरोघरी एक छापील विनंतीपत्र, खाली बाईंची सही.

आता त्या आपल्या घरात जाळीच्या दाराशी उभ्या राहून मोबाइलमधला फोटो चष्मा वर-खाली करून बघत होत्या.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या.

"ताई!"

"सही माझी, पत्र माझं नाही. विनंतीपत्रावर छापलेली सही उचलून रंगीत प्रिंट मारलंय कुणीतरी. सहाशे घरांत ती सही गेलीये. तुम्हीच वाटलीत."

क्षितिजा ओशाळली. "मग तुम्ही येऊन सांगा ना की मी लिहिलं नाही. संपलं!"

"संपलं कसं? सही केलेली माघार परत घेता येत नाही. खोटी असेल तर ती पक्की यादी लागायच्या आत दाखवून द्यायची, कुणी केली ते सांगून. नियम सतरा." बाई खुर्चीत बसल्या. "मंडळाचे नियम मीच लिहून दिलेत. आज माझ्याच गळ्याशी आले म्हणून ते बदलू?"

"मग तुम्हीच शोधा कोण ते. एकतीस वर्षं हेच तर केलंत."

"आपल्याच खटल्यात आपण निवाडा करायचा नसतो, क्षितिजा. मी आज फिर्यादी आहे." त्यांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "तू दिवसभर काय करतेस कारखान्यात?"

"भाग तपासते. कुठला नापास, ते बघते."

"बास. मग जा आणि तपास. फक्त एक कर. ज्या गोष्टीकडे सगळे बघतायत, तिच्याकडे बघू नकोस."

क्षितिजाने कारखान्यात फोन करून सुट्टी टाकली. साहेब म्हणाले, "मॅडम, इस महीने की तीसरी." घड्याळात साडेनऊ झाले होते.

३

सोमवारी माघारीची पेटी चार ते पाच एवढाच वेळ ठेवली होती, आणि त्या तासात मंडळात चौघंच होते: सप्रे, भालचंद्र खानझोडे, त्यांची बायको वैजयंती, आणि खजिनदार हर्षल पोफळी. सप्रेंनी सांगितलं तसं, चारला सगळे खाली पोहा-जलेबी खायला गेले. सप्रे पेटीपाशी वरच बसले. मग एकेक जण दोन-दोन मिनिटांसाठी वर येऊन गेला. भालचंद्रराव चष्मा घ्यायला, हर्षल मोबाइलचा चार्जर काढायला, वैजयंतीबाई सप्रेंची प्लेट द्यायला. "पाच मिनिटं मी हात धुवायला गेलो होतो," सप्रे म्हणाले होते. "टाकणाऱ्याला तेवढी पुरे."

वैजयंतीबाई सभागृहाच्या स्वयंपाकघरात डबे मोजत होत्या. भिंतीवर मराठी कॅलेंडर, आणि त्यावर दुधाच्या निळ्या फुल्या.

"ये गं. चहा घेशील? तोंड का उतरलंय?"

"काकू, सरळच विचारते. काकांना बिनविरोध व्हायचं होतं?"

"त्यांना काय, झोपेतसुद्धा अध्यक्ष व्हायचंय!" वैजयंतीबाई हसल्या. "आणि मलाही ते व्हायला हवेत, लपवून काय करू? नऊ वर्षं हा माणूस दिवसभर इथे रमतो म्हणून माझा संसार टिकला. घरी बसला तर भाजीत मीठ मोजेल."

"म्हणजे तुम्हीच पत्र टाकलंत म्हणू?"

"म्हण की! पण मला टाइप करता येत नाही. आणि लीलाताईंना पाडायचं तर मी पाडीन, लपूनछपून कशाला? बायकांच्या हळदीकुंकवात एक वाक्य पुरतं." त्यांनी कॅलेंडरवर आजची फुली मारली.

"हे कॅलेंडर ऑफिसातलं ना?"

"जानेवारीतच उचललं मी. वर कोण बघतंय? मला सणवार बघावे लागतात. पुढच्या सोमवारपासून श्रावण, मग शंभर माणसांचं फराळाचं."

भालचंद्रराव सभागृहात खुर्च्या मोजत होते. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. आवाज असा की माइक लागत नाही.

"मी? मी खोटं पत्र टाकीन?" ते गरजले. "अगं पोरी, दोनदा हरवलंय मी त्यांना. तिसऱ्यांदाही हरवलं असतं. बिनविरोध निवडून येण्यात काय मजा? हार कुणाकडून घालून घ्यायचा, खुर्च्यांकडून?"

"पण यंदा हरला असतात काका. आम्ही सहाशे घरं फिरलोय."

भालचंद्ररावांचा चेहरा क्षणभर खरोखर पडला. त्यांनी एक खुर्ची सरळ केली. "ते मलाही माहीत आहे," ते हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात, हे क्षितिजाला ठाऊकच नव्हतं.

आता उरला हर्षल. आणि मॅरेज गार्डन झालं तर मांडव, दिवे, सनई सगळं कुणाच्या टेंट हाउसमधून जाणार होतं? हर्षलच्याच.

४

हर्षल दुकानाच्या पायरीवर प्लॅस्टिकच्या फुलांच्या ढिगाऱ्यात बसला होता. भोपाळमध्येच जन्मलेला, बायको स्नेहा विदिशाच्या तिवारींकडची. त्याची मराठी दर तिसऱ्या शब्दाला हिंदीचा टेकू घ्यायची.

"भाभी, सीधी बात करू? मला फायदा आहे. बिल्कुल आहे. पर मी असं का करू यार? बाईंनी माझ्या बाबांची केस सोडवली होती, मकान की. आई अजून त्यांच्या पाया पडते."

"मग मॅरेज गार्डनला हात वर का केलास?"

"धंदा आहे. हात वर करणं जुर्म आहे का?" तो हसला. आतून स्नेहाने हाक मारली, "सुनो, खिचडी ठंडी हो रही है."

"उपास? आज मंगळवार."

"कलची उरलीये. काल सावन का सोमवार होता ना तिचा." हर्षल उठला. "आमच्याकडे श्रावण दीड महिना चालतो भाभी. आधी बायकोचा सावन सुरू होतो. तो अर्धा झाला की आईचा मराठी श्रावण लागतो. स्नेहाचा बावीस तारखेला लागला, आईचा पाच ऑगस्टला. दोघींची दोन कॅलेंडरं, एक किचनमध्ये, एक देवघरात. लग्नाच्या पहिल्या साली तर जंगच झाली, श्रावण कुणाचा खरा! मी दोन्हीकडची साबूदाण्याची खिचडी खातो अन् चूप बसतो."

क्षितिजा हसली, आणि हसता हसता थांबली.

तिने मोबाइल काढला. सकाळपासून हा फोटो तिने वीस वेळा बघितला होता. दरवेळी सहीवर बोट ठेवून, मोठी करून. बाईंनीही सहीच बघितली होती. सप्रेंनी सहीच दाखवली होती. आता तिने फोटो वरच्या बाजूला सरकवला.

'श्रावण वद्य नवमी, सोमवार.'

"हर्षल, काल आईंचा कुठला महिना होता?"

"आषाढ. अजून आषाढच चाललाय. इतवारला दिव्याची अमावस्या, मग श्रावण." तो फोटोत डोकावला. त्याच्या हातातला फुलांचा गुच्छ खाली पडला. "अरे बाप रे. पण भाभी, हे तर..."

"हे तर काय?"

"हे सावन आहे. आमच्या सासरचं."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि हर्षलच्या लक्षात आलं, की या सगळ्या मराठी मंडळींत सासरचा सावन असलेला माणूस एकच होता.

५

बारा वाजता क्षितिजा पाळणाघरात शमिकाला भरवत होती. वरण-भाताचा घास तिच्या हातात आणि डोकं भलतीकडे, त्यामुळे दोन घास शमिकाच्या नाकाला लागले.

लीलाताई कोर्टात आयुष्यभर तारखा लिहून कंटाळल्या होत्या, म्हणून घरगुती पत्रावर तिथी घालत, हे सगळ्यांना माहीत होतं. विनंतीपत्रावरही वर 'आषाढ शुद्ध पंचमी' होती. पत्र करणाऱ्याने ही सवय हुबेहूब उचलली. पण शुद्ध पक्षात मराठी आणि हिंदी महिना एकच असतो. वद्य लागला की हिंदी पंचांग पुढच्या महिन्यात उडी मारतं आणि आपण पंधरा दिवस मागे राहतो. पत्र करणाऱ्याने हिंदी कॅलेंडरात 'श्रावण कृष्ण नवमी' बघितली, मराठी वाटावं म्हणून कृष्णचं वद्य केलं, आणि महिना बदलायचा राहून गेला. अशी चूक पुण्यात होणार नाही, विदिशात होणार नाही. ती भोपाळच्या मराठी माणसाकडूनच व्हायची.

म्हणजे हर्षल. सरळ होतं.

फार सरळ होतं. कारखान्यात एखादा भाग पहिल्याच नजरेला नापास वाटला की क्षितिजा माप पुन्हा लावायची. अर्ध्या वेळा माप धरणाराच हात चुकलेला असायचा.

तिने माप पुन्हा लावलं. ज्या घरात बायकोचा सावन आणि आईचा श्रावण यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षी भांडण झालं, त्या घरातल्या माणसाला हा फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. त्याने तिला न विचारता सांगितलाच की! दोन कॅलेंडरं लावणारा ही चूक करणार नाही. खानझोड्यांकडेही होणार नाही. वैजयंतीकाकूंच्या राज्यात आषाढात श्रावण म्हणायची कुणाची छाती आहे? ही चूक करेल तो, जो दोन्हींपैकी एकही पाळत नाही. ज्याच्या घरी उपास नाही, सण नाही, तिथी विचारायला माणूस नाही. तिथी हवी होती म्हणून ज्याने मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघितलं.

कुठली भिंत? ऑफिसातलं मराठी कॅलेंडर काकूंनी जानेवारीतच खाली नेलेलं. वर राहिलं ते साडीच्या दुकानाचं, हिंदी.

पत्र घरून करून आणलेलंच नव्हतं. ते वर, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झालं होतं. टाइप करायचं, सही बसवायची, रंगीत प्रिंट काढायचं. दोन मिनिटं चष्मा शोधणाऱ्याला किंवा प्लेट देऊन जाणाऱ्याला ते जमलं नसतं. आणि खोलीत सबंध वेळ दुसरा माणूस बसलेला असताना तर नाहीच.

शमिकाने तिचं बोट चावलं. घास अजून हातातच होता.

सबंध वेळ खोलीत बसलेला माणूस. एकटा राहणारा, पत्नी जाऊन आठ वर्षं झालेला. ज्याला कुणी संशयितांत धरलंच नव्हतं, कारण बाकी तिघांची नावं त्यानेच सांगितली होती आणि स्वतःचं नाव साक्षीदार म्हणून.

आणि पाच वाजता निवाडा देणारा माणूस तोच होता.

६

सव्वाचारला ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. आया मुलांना कडेवर घेऊन जिन्यापर्यंत उभ्या. लीलाताई भिंतीशी एका साध्या खुर्चीत बसल्या होत्या, फिर्यादीसारख्या, हात मांडीवर.

"बोला," सप्रे म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटं आहेत."

"आधी हजेरी, काका." क्षितिजाने चार कोरे कागद टेबलावर ठेवले. "काल चार ते पाच जे इथे होते, त्यांनी नाव लिहायचं आणि आजची तिथी."

"तिथी कशाला?"

"ताईंच्या पत्रावर तिथी आहे. आमच्या कागदावरही असू द्या. नियमात बसत नाही का?"

सप्रेंनी खांदे उडवले. भालचंद्रराव पेन घेऊन अडकले. "वैजू, आज काय गं?"

"आषाढ वद्य दशमी. नऊ वर्षं अध्यक्ष आहेत आणि तिथी मला विचारतात." दोघांनी लिहिलं. वैजयंतीबाईंनी पेन असं आपटलं की शाई उडाली.

हर्षल म्हणाला, "भाभी, आईची लिहू की बायकोची?" खोलीत हशा झाला. त्याने दोन्ही लिहिल्या, एकीखाली एक.

सप्रेंनी कागद पुढे ओढला. पट्टी घेऊन रेघ मारली. नाव लिहिलं. मग क्षणभर मान वर केली, भिंतीकडे बघितलं, मान खाली घातली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'श्रावण वद्य दशमी.'

लीलाताई खुर्चीतून उठल्या. चौघांचे कागद त्यांनी एकापुढे एक लावून बघितले, मग फाइलमधलं पत्र. त्या क्षितिजाकडे वळल्या आणि फक्त मान हलवली. पुढे बोल.

क्षितिजा बोलली. सावन आणि श्रावण, उचललेलं कॅलेंडर, ही भिंत.

"हा काय पुरावा झाला?" सप्रे म्हणाले. कपाळावर घाम होता. "मी एकटा माणूस. मला तिथ्या कळत नाहीत, हा गुन्हा आहे?"

"नाही काका. म्हणून तर दुसरा मागते. हर्षल, हा प्रिंटर तू बसवलास ना?"

"मीच. दिवाळीला." हर्षल पुढे झाला. त्याने दोन-तीन बटणं दाबली, आणि प्रिंटरने खरखरत छापलेल्या कामांची यादी बाहेर टाकली. त्याने मोठ्याने वाचली. "सोमवार. चार बारा. एक पान, रंगीत."

"चार बाराला तुम्ही सगळे कुठे होता?"

"खाली," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि कमरेचा मोबाइल उपसला. "हा घ्या फोटो, ग्रुपवर टाकलाय मी. चार अकरा. हे दोघं जलेबीवर तुटून पडलेत बघा. प्लेट घेऊन मी वर आले ते यानंतर, वीसेक मिनिटांनी!"

खाली पाळणाघरात एक मूल रडायचं थांबलं, तेही ऐकू आलं.

सप्रेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सीहोर," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साल. जमिनीच्या नोंदीचा खटला. मी सरकारतर्फे साक्षीदार होतो. तुम्ही निकालात लिहिलंत, 'या साक्षीदाराच्या शब्दावर विसंबता येत नाही.' एवढी एकच ओळ, मॅडम. त्या ओळीने माझी बढती अकरा वर्षं अडवली. ऑफिसात पोरं मागून म्हणायची, सप्रेला वेळ विचारू नका, तीही खोटी सांगेल." त्यांनी फाइलवर हात ठेवला. "तुमच्या सहीवरही एकदा कुणी विसंबू नये, एवढंच मला हवं होतं."

लीलाताई त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मला तो खटला आठवत नाही," त्या म्हणाल्या. "हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही निकालाची नक्कल आणा. मी वाचीन. ती ओळ जास्तीची असेल तर तुमच्या दारी येऊन सांगीन, आणि सगळ्यांच्या देखत सांगीन. पण सप्रे, ह्या कागदाने माझं काय गेलं असतं? एक खुर्ची. खाली बावीस पोरं आहेत. त्यांनी तुमची कुठली बढती अडवली होती?"

सप्रेंनी पेन उचललं, दारावरच्या यादीपाशी गेले आणि खानझोड्यांच्या नावाखाली, आज पट्टी न घेता, दुसरं नाव लिहिलं. मग पेटीची किल्ली काढून भालचंद्ररावांच्या हातात ठेवली आणि आयांमधून वाट काढत जिना उतरले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी टोमणाही मारला नाही.

"पाचला चार मिनिटं कमी," भालचंद्रराव म्हणाले. मग त्यांचा आवाज परत आला, खिडक्या हादरल्या. "लीलाताई! आता खरी मजा. या वेळी टाकीची तारीफ करणार की नाही?"

"टाकी गळतेय, खानझोडे," लीलाताई म्हणाल्या. "कालच कागद बघितले मी."

तिसऱ्या प्रचारातलं हे त्यांचं पहिलं भाषण, आणि सगळ्यात गाजलेलं.

७

अकरा ऑगस्टच्या रविवारी मतदान झालं. तुलसी नगरच्या क्वार्टरांतून म्हातारी मंडळी रिक्षा करून आली, गोविंदपुऱ्यातले रात्रपाळीवाले झोपेतून उठून आले. नवे निवडणूक अधिकारी शेजारच्या कॉलनीतून बोलावले होते. त्यांनी संध्याकाळी सहाला आकडे वाचले. खानझोडे एकशे एकाहत्तर. देशकर तीनशे अठरा.

पुढचा आवाज कुणी मोजला नाही. आयांनी थाळ्या वाजवल्या, हर्षलने दुकानातून ढोलवाले आणले, आणि वैजयंतीबाईंनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "चला, उद्यापासून भाजीत मीठ मोजा." भालचंद्ररावांनी सगळ्यात मोठा हार आणला होता. स्वतःसाठीच आणला होता हे सगळ्यांना कळत होतं. त्यांनी तो जजबाईंच्या गळ्यात घातला आणि नंतर डोळे पुसले.

"भाषण! भाषण!"

लीलाताई उभ्या राहिल्या. गर्दी आपोआप गप्प झाली, वकील गप्प व्हायचे तशी.

"पाळणाघर उद्या साडेआठला उघडेल," त्या म्हणाल्या. "ज्यांना कारखान्यातून यायला उशीर होतो, त्यांच्यासाठी उद्यापासून संध्याकाळी सातपर्यंत. मॅरेज गार्डनचा ठराव मी कार्यकारिणीपुढे फेटाळायला ठेवतेय. विरोध असेल त्याने हात वर करावा."

सगळ्यांनी हर्षलकडे बघितलं. हर्षलने दोन्ही हात खिशात घातले.

"ठीक. जेवायला बसा."

सोमवारी सकाळी क्षितिजाने शमिकाला पाळणाघरातल्या बाईंच्या हातात दिलं. शमिकाने वळून बघितलं नाही. आत कुणीतरी लाल तीनचाकी घेतली होती आणि ती तिला हवी होती. क्षितिजा रस्ता ओलांडून बसमध्ये चढली. खिडकीची जागा मिळाली. साडेनऊला तिने मशीनवरून उतरलेला पहिला भाग हातात घेतला, माप लावलं, आणि त्यावर हिरवा शिक्का मारला.